प्रतिपक्षाचे ऋण

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालवीत आहात ते शाळेच्या दफ्तरी ड्रिलमास्तर म्हणून नोंदलेले होते, आणि शिक्षकांच्या यादीत त्यांचे नाव गणित, संस्कृत व इंग्रजी शिकविणारांची नावे संपल्यावर, शिपायांच्या नावांच्या लगेच वर येत असे. अशा माणसाच्या नावाने भरणाऱ्या व्याख्यानमालेत आजवर वेदान्तावर, इतिहासावर, अर्थकारणावर विद्वानांची उत्तम भाषणे व्हावीत आणि खेळावर मात्र एकही होऊ नये, हे मला जरा चमत्कारिक वाटले. म्हणून आमंत्रण आले तेव्हा विषय मीच मुकरर करून घेतला. खेळातला आनंद जयपराजयाहून निराळा आहे काय, आणि असल्यास तो येतो कोठून, एवढाच माझा प्रश्न आहे.

या प्रश्नाविषयी एक रास्त संशय श्रोत्यांच्या मनात असतो, तो प्रथमच रुजू करून घेतो. हा विषय हरणाऱ्यांच्या समाधानासाठी काढलेला आहे, असे लोकांना वाटते. आणि तसे वाटण्याचा दोष बव्हंशी आम्हा पाहुण्यांकडे जातो. बक्षीससमारंभाला आलेले पाहुणे, हार काय आणि जीत काय, भाग घेणे हेच महत्त्वाचे, असे गंभीर मुद्रेने सांगतात आणि सांगून होताच चषक उचलून जिंकणाऱ्याच्याच हाती देतात. मुले चाणाक्ष असतात, ती भाषणाकडे कान न देता चषकाकडे डोळे लावून बसतात. 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे शाळेच्या भिंतीवरचे वाक्य याहूनही फसवे आहे, कारण ते पराजयाला किंमत देते ती केवळ पुढे येणाऱ्या जयाच्या हमीवर, आणि तो जय कधी आलाच नाही तर त्या पराजयाचे काय करावयाचे याचा जबाब त्या भिंतीजवळ नसतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन परतले, ही कथा आपण मुलांना नेहमी याच पायरीच्या हिशेबाने सांगतो; परंतु तांबड्या मातीत वाढलेला एक तरुण परक्या देशात, मॅटवर, परक्या नियमांनी जगातल्या निवडक मल्लांशी झुंजतो, ही लंडनमधली गोष्ट हेलसिंकी घडले नसते तरी पुरेशी मोठी होती, असे मला वाटते.

दुसरा धोपटमार्ग गीतेचा. जय आणि अजय सारखेच मानून उभा राहा, हा उपदेश आमचे वक्ते रणांगणावरून उचलून सरळ क्रीडांगणावर आणून ठेवतात. रणांगणावर तो योग्यच होता, कारण तेथे कर्तव्य आधी ठरलेले होते आणि फळ भयंकर होते. क्रीडांगणावर कर्तव्य असे काही नसते, कोणी कोणावर खेळण्याचा हुकूम बजावलेला नसतो, आणि फळ म्हणाल तर ते आपणच जमिनीवर चार रेघा आखून आणि दोन खांब रोवून निर्माण केलेले असते. गडी बाद झाला काय आणि निसटला काय, ज्याला दोन्ही सारखेच, असा एखादा स्थितप्रज्ञ खो-खोच्या चौकोनात बसवून पाहावा. तो खो मिळाल्यावर शांतपणे उठेल, प्रसन्न चित्ताने धावेल आणि त्याच्या शांतीपायी उरलेल्या आठ जणांच्या खेळाचा विचका होईल. फळाची तीव्र इच्छा ही खेळाची पहिली अट आहे. ती वगळून मिळणाऱ्या शांतीला दुसरे काहीही नाव द्यावे, खेळाचा आनंद म्हणू नये.

याचा पुरावा मी फार लांबून आणणार नाही. आपल्या गल्लीतल्या मुलांनी, कोणाही धर्मशास्त्रकाराच्या मदतीवाचून, एक शहाणी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली आहे: लहान भावंड खेळायचा हट्ट धरून बसले की त्याला 'कच्चे लिंबू' म्हणून डावात घ्यावे, त्याने धावावे, ओरडावे, पण तो पकडला गेला तर बाद धरू नये आणि त्याच्यावर राज्य येऊ नये. वरवर पाहता या मुलाइतका सुखी खेळाडू दुसरा नसावा, कारण पराजयापासून त्याला कायमची मुभा मिळालेली असते. प्रत्यक्षात काय होते? पहिला दिवस तो हरखलेला असतो. दुसऱ्या दिवशी आपल्याला कोणी मनापासून पकडतच नाही हे त्याच्या ध्यानात येते. आणि त्यानंतर तो ज्याला त्याला विनवीत सुटतो की मला पक्के धरा, माझ्यावर राज्य आले तरी चालेल. चार-पाच वर्षांच्या त्या मुलाला जे कळते ते आपण विसरतो. तो जय मागत नाही, जय त्याला कोणीही लटका देऊ केला असता. आपली हार खरी धरली जावी, एवढेच तो मागत असतो.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे की खेळाचा आनंद जयात नाही आणि जयाविषयीच्या उदासीनतेतही नाही. जय आणि पराजय हे दोन्ही शेवटच्या क्षणापर्यंत खरोखर शक्य असण्यात तो आहे, आणि ती शक्यता आपल्याला एकट्याला निर्माण करता येत नसल्यामुळे तो आनंद सर्वस्वी समोरच्या माणसाच्या हाती असतो. आपण ज्याला प्रतिपक्ष म्हणतो तो आपला अडथळा खरा, पण तोच आपला दाताही असतो.

ही गोष्ट कुस्तीच्या मैदानाइतकी स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसत असेल असे मला वाटत नाही. शाहू महाराजांनी १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबागचे मैदान बांधविले. १९१२ साली ते तयार झाले. मधोमध उंच हौदा आणि सभोवार चढत गेलेली बसावयाची जागा अशी त्याची रचना असल्यामुळे शेवटच्या माणसालाही पैलवानाची पाठ मातीला लागली की नाही हे दिसते. परंतु खासबागेत काय आणि खेड्यातल्या जत्रेत काय, मैदानाचे यश बांधकामावर ठरत नाही आणि इनामाच्या रकमेवरही फारसे ठरत नाही; ते ठरते जोडींवर. कोणाची जोड कोणाशी लावावयाची, हे ठरविताना वस्ताद मंडळी दोघांचे वय पाहतात, अंगलट पाहतात, तालमीत किती वर्षे घाम गाळला ते विचारतात, मागच्या मैदानात कोण कोणाशी किती वेळ टिकला त्याची आठवण काढतात, आणि एवढा जाबसाल झाल्यावर मग नारळ हाती देतात. एखाद्या नावाजलेल्या मल्लाने सलामी झडते न झडते तोच समोरच्या पोराला ढाक मारून चितपट केले, तर नियमाने तो निर्विवाद विजय असतो, हलगी वाजते, फेटाही बांधला जातो. पण उठून जाणारी माणसे 'जोड चुकली' एवढाच शेरा देतात, आणि तो जिंकणाऱ्याला उद्देशून नसतो, हरणाऱ्यालाही नसतो. विजय घडूनही खेळ घडला नाही, असा तो जनतेचा फैसला असतो.

याउलट दोन तुल्यबळ मल्ल अर्धा-पाऊण तास एकमेकांना भिडले आहेत, पटाला पट आणि तोडीला तोड चालली आहे, दिवस कलला तरी कोणाचीच पाठ मातीला लागत नाही, आणि अखेर पंच मध्ये पडून कुस्ती बरोबरीत सोडवितात, तेव्हा इनाम दोघांत वाटले जाते आणि प्रेक्षक पुढे वर्षानुवर्षे त्या न लागलेल्या निकालाची चर्चा करीत राहतात. पण येथे एक सावधगिरी हवी. हीच बरोबरी आधी संगनमताने ठरलेली असेल, दोघे नुसते मानेवर हात टाकून रेटारेटी करीत वेळ काढीत असतील, तर ज्या लोकांनी खऱ्या बरोबरीला डोक्यावर घेतले तेच लोक त्या नुरा कुस्तीवर चिडून मैदान डोक्यावर घेतात. हार दोन्ही ठिकाणी कोणाचीच झालेली नाही. फरक इतकाच की पहिल्या ठिकाणी ती होऊ शकली असती.

मग फुगडीचे काय, असे कोणी विचारील. आषाढीच्या वाटेवर रिंगणाच्या वेळी साठी ओलांडलेले वारकरी फुगडी घालतात, हुतूतू घालतात, आणि तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, फुगडी अशा खेळांवर अभंगच आहेत. तेथे कोण जिंकतो? कोणी नाही. परंतु फुगडीतही समोरचा हवाच असतो, आणि तो नुसता सोबतीला असून भागत नाही. त्याने आपला सगळा भार मागे टाकून आपल्याला ओढले पाहिजे आणि आपणही त्याला तितकेच ओढले पाहिजे, नाहीतर दोघेही जमिनीवर येतील. प्रतिपक्षाचे हे सर्वांत निर्वैर रूप मानावे, आणि पुढे चलावे.

आता क्रिकेटच्या दफ्तरातली दोन प्रकरणे आपल्यापुढे मांडतो. दोन्ही महाराष्ट्राच्या मातीशी निगडित आहेत आणि दोन्हींत धावांचा डोंगर आहे. परंतु एकात हरणारा पक्ष शेवटपर्यंत उभा राहिला आणि दुसऱ्यात तो मैदान सोडून गेला.

पहिले प्रकरण १९४३ सालच्या डिसेंबरातले, मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवरील पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीचे. धर्मवार पक्ष पाडून खेळावयाची ती पद्धत मला कधीच पटली नाही आणि ती पुढे बंद पडली ते योग्यच झाले. पण त्या सदोष चौकटीत जे घडले ते विसरता येत नाही. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावा होत्या, म्हणजे त्याच हंगामात विजय हजारे यांनी केलेल्या २४८ धावांच्या उच्चांकापेक्षा दोन अधिक. हजारे सांगलीचे, धर्माने ख्रिस्ती, आणि म्हणून इतरेजनांच्या संघात. त्या संघाचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला, फॉलोऑन मिळाला, दुसऱ्या डावातही पाच गडी स्वस्तात परतले. तेव्हा हजाऱ्यांच्या साथीला त्यांचे बंधू विवेक आले आणि सहाव्या जोडीने ३०० धावांची भागी केली. त्या ३०० पैकी विवेक हजारे यांच्या धावा किती? २१. संघाचा डाव ३८७ वर संपला, त्यांतल्या ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या. आणि सामना इतरेजनांनी एक डाव आणि ६१ धावांनी गमावला.

हा निकाल पाहा. याला निसटता पराभव म्हणता येत नाही, नैतिक विजय वगैरे म्हणण्याची सोयही त्यात नाही. सपाटून मार खाल्लेल्या संघाची ती कहाणी आहे. तरीही ज्यांना त्या सामन्याविषयी काही म्हणून ठाऊक आहे त्यांना प्रथम आठवतात त्या हजाऱ्यांच्या ३०९, आणि चषक कोणी नेला हे सांगताना ते थांबून विचार करतात. मला स्वतःला मात्र त्या २१ धावांचे अधिक कौतुक आहे. तास न्‌ तास दुसऱ्या टोकाला उभे राहून, आपल्या नावावर काहीही जमा होत नसता, भावाला समोर यावयास मिळावे म्हणून चेंडू नुसता अडवीत राहावयाचे, आणि हे सर्व हरत चाललेल्या सामन्यात, यात आनंद नव्हता असे ज्याला म्हणावयाचे असेल त्याने क्रिकेटची बॅट कधी हाती धरली नसावी. आणि हिंदू संघाच्या गोलंदाजांनाही यात श्रेय आहे: त्यांनी प्रामाणिकपणे टाकलेल्या चेंडूंवरच त्या धावा निघाल्या, त्यांनी कुचराई केली असती तर त्या ३०९ धावांची किंमत कच्च्या लिंबाच्या धावांहून अधिक राहिली नसती. हेच हजारे १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडच्या कसोटीत ११६ आणि १४५ अशी दोन्ही डावांत शतके ठोकतात, आणि तेथेही भारत एक डाव आणि १६ धावांनी हरतो. पराजयाशी या शांत माणसाचा काही तहनामाच झाला असावा!

दुसरे प्रकरण त्याच १९४८ च्या डिसेंबरातले, पुण्याच्या पूना क्लबच्या मैदानावरचे. रणजी करंडकाच्या सामन्यात काठेवाडचा पहिला डाव २३८ वर संपला आणि मग महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले. भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या जोडीसाठी ४५५ धावा जोडल्या, आणि ४ बाद ८२६ असा फलक लागला तेव्हा निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ या त्या वेळच्या जागतिक उच्चांकाची बरोबरी करावयास नऊ धावा हव्या होत्या, मोडावयास दहा. विश्रांतीची वेळ झाली. आणि काठेवाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढे खेळण्यास नकार दिला. सामना सोडून दिल्याचे जाहीर झाले, काठेवाडचा संघ परत गेला, निंबाळकर ४४३ वरच राहिले. पुढे त्यांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही.

मी या घटनेचा पुष्कळ विचार केला आहे, आणि ठाकोरसाहेबांवर आता फिर्याद करण्यात स्वारस्य नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्या गोष्टीचे. सामना तर ते हरलेलेच होते. ५८८ धावांची पिछाडी काही विश्रांतीनंतर भरून येणार नव्हती. म्हणजे मैदान सोडून त्यांनी पराजय टाळला नाही, उलट तो आपल्या हाताने लिहून दिला. मग टाळले काय? आपल्या गोलंदाजीवर जगाचा उच्चांक मोडला गेला, ही नोंद. पराजय सोसेल, पण त्या पराजयाचे साक्षीदार होणे सोसणार नाही, अशी ती मनःस्थिती होती, आणि जयाच्या हव्यासाहून मी तिला अधिक घातक समजतो. कारण जयाचा हव्यासी निदान मैदानावर टिकून राहतो. शिवाय गमावले कोणी? निंबाळकरांच्या दहा धावा गेल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पण काठेवाडच्या गोलंदाजांनी, इतका वेळ ऊन खाल्ल्यावर, त्या फलंदाजाला ४४९ वर किंवा ४५१ वर बाद करण्याची जी संधी गमावली तिची नोंद कोणत्याही पुस्तकात नाही. त्या नऊ-दहा धावांत सामन्याला उरलेली सगळी चुरस होती, आणि ती दोन्ही पक्षांची होती.

इतके सांगितल्यावर, आपल्यापैकी कोणाच्या मनात जी तक्रार उभी राहिली असेल ती मलाही मान्य आहे. जयपराजयाकडे पाठ फिरविण्याची चैन सर्वांना परवडत नाही. पाळवणकर बाळू १८७६ साली धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मले, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता त्यांच्या फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले, आणि डाव्या हाताच्या फिरकीत असे निष्णात झाले की पुण्याच्या हिंदूंना, गोऱ्यांना हरवावयाचे तर या माणसावाचून गत्यंतर उरले नाही. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्व जण झेलत. चहाची वेळ झाली की त्यांचा चहा मात्र इमारतीच्या बाहेर, निराळ्या मातीच्या पात्रात जाई. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, आणि त्या वर्षी हिंदू संघ जिंकला. या भावांना कोणी म्हणावे की हार काय नि जीत काय, सारखेच? निदान चहा बाहेर पाठविणारांना तसे म्हणण्याचा अधिकार नव्हता. त्यांच्या एकेका बळीला दरबारी सनदेचे मोल होते, कारण दुसरी कोणतीही सनद त्यांना मिळण्याची सोय समाजाने ठेवलेली नव्हती.

परंतु या प्रकरणाने माझे म्हणणे ढळत नाही, उलट त्याचा पाया दिसतो. बाळूंवर खरा अन्याय झाला तो ते कधी हरले म्हणून नव्हे. समोर उभे राहण्यास, बरोबर बसण्यास, हरविण्यास आणि हरण्यास हा माणूस योग्य आहे, एवढी मान्यता मैदानाच्या रेघेबाहेर त्यांना नाकारली गेली, तेथे तो अन्याय होता. प्रतिपक्ष म्हणून मान्य होणे हा सन्मान आहे, आणि तो जयाच्याही आधी लागतो. गल्लीतले ते लहान मूल हेच मागत असते. त्याला ते वय वाढले की मिळते, पुष्कळांना सगळी हयात उलटली तरी मिळत नाही.

आता आजच्याविषयी थोडे. आपल्या जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धा मी अधूनमधून पाहावयास जातो. पदकांच्या आशेने आणि परीक्षेतल्या वाढीव क्रीडागुणांच्या लोभाने पालकांची जी धावपळ चालते तिच्यावर टीका करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळांनी केली आहे. मी ती करीत नाही, कारण पालक शिरस्त्याप्रमाणे चालतात आणि शिरस्ता त्यांनी केलेला नाही. मला खटकते ती गोष्ट कागदावर अगदी निरुपद्रवी दिसते. या स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. सोळा संघ आले तर आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. दूरच्या तालुक्यातून पहाटेच्या एस्.टी.ने आलेल्या मुली, महिनाभर सराव केलेल्या, नवे गणवेश शिवून घेतलेल्या, खो-खोचा एक सामना अर्ध्यापाऊण तासात हरतात आणि उरलेला दिवस परतीच्या गाडीची वाट पाहत सावलीत बसून काढतात. त्यांना खेळाचा आनंद मिळाला नाही तो त्या हरल्या म्हणून नाही. हरल्यावर त्यांचे खेळणेच बंद केले गेले म्हणून. मग आपण कितीही भाषणे केली तरी पराजय म्हणजे मैदानाबाहेर जाणे, हाच अर्थ त्या मुली त्या दिवशी शिकून जातात, आणि त्यांतल्या बहुतेक पुन्हा कधी मैदानावर येत नाहीत. आमचे प्राध्यापक देवधर पन्नाशी उलटल्यावर रणजीच्या एका सामन्यात दोन्ही डावांत शतके झळकावीत होते. आमच्या मुली सोळाव्या वर्षी निवृत्त होतात.

यावर उपाय नवा नाही आणि खर्चाचाही फारसा नाही. त्याच सोळा संघांचे चार गट पाडावेत आणि प्रत्येक गटात साखळी पद्धतीने सामने खेळवावेत. बाद पद्धतीला एकंदर पंधरा सामने लागतात. या तजविजीला साखळीचे चोवीस आणि नंतरचे तीन, असे सत्तावीस लागतील. बारा सामने वाढतात, एक दिवस वाढतो, पंचांचा भत्ता आणि मुलांच्या जेवणाचा खर्च वाढतो. आणि त्या बदल्यात सर्वांत दुबळ्या संघालाही तीन सामने, म्हणजे तीन निरनिराळे प्रतिपक्ष मिळतात. या व्याख्यानमालेचे चालक तालुक्याच्या क्रीडासमितीवरही आहेत, असे मला मघाशी समजले. व्याख्यात्याला देण्यासाठी आपण जे मानधन काढून ठेवले आहे ते मी त्या वाढीव दिवसाच्या खर्चापोटी समितीकडे जमा करीत आहे. उरलेल्या रकमेची तरतूद आपण सर्वांनी मिळून करावी आणि या डिसेंबरातल्या खो-खोच्या स्पर्धा साखळी पद्धतीने भरवाव्यात, एवढी माझी आपणांस विनंती आहे.